मागचं हब-बेअरिंग बदलायचंय? आधी बेअरिंगच गेलंय ना, ते बघा

मागून घूं-घूं आवाज येतो, कोणीतरी 'बेअरिंग गेलं' असं ठामपणे सांगतं, नवीन हब (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) येतो, अख्खा दिवस घाम गाळून तो बसवला जातो आणि आवाज जिथल्या तिथे. कारण आवाज टायरचा होता. गॅरेजमध्ये अशी गाडी आली की मला मालकापेक्षा त्या जुन्या हबची जास्त दया येते, बिचारा विनाकारण भंगारात गेलेला असतो. म्हणून पान्याला हात घालायच्या आधी कानांना आणि हातांना थोडं काम द्या.

बेअरिंगची गुरगुर गाडीच्या वेगाबरोबर चढते-उतरते. क्लच दाबून इंजिनचा वेग खाली आणला तरी ती तशीच राहते. रस्ता बदलला, म्हणजे डांबरावरून काँक्रीटवर आलात, तरी तिचा सूर फारसा बदलत नाही. टायरचा आवाज मात्र रस्त्याप्रमाणे लगेच बदलतो. टायरच्या कडेवरून तळहात फिरवून बघा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट फिरवल्यावर हाताला खाचा लागत असतील, तर आधी तो टायर पुढे लावून गाडी चालवा. आवाज टायरबरोबर पुढे गेला तर पैसे वाचले.

बाजू ओळखायची तर मोठ्या, लांब वळणावर लक्ष ठेवा. डावीकडे वळताना गाडीचा भार उजव्या चाकांवर जातो. तेव्हा आवाज वाढला तर बहुधा उजवं बेअरिंग, उजवीकडे वळताना वाढला तर डावं. 'बहुधा' अशासाठी म्हणतो, की दोन रांगांच्या बेअरिंगमध्ये नेमकी कोणती रांग खराब आहे त्यावर हा हिशोब उलटाही पडू शकतो. एवढ्यावरच पार्ट मागवू नका.

खात्री होते ती गाडी उचलल्यावर. चाक वर-खाली, म्हणजे घड्याळातल्या १२ आणि ६ वर धरा आणि हलवा. टकटक असा प्ले (ढिलेपणा) लागला तर दुसऱ्या कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर प्ले नाहीसा झाला तर तो बेअरिंगचा. तरीही चाक हलत असेल तर सस्पेन्शनचे बुश (सांध्यांतली रबरं) बघा. मग एक हात मागच्या कॉइल स्प्रिंगवर ठेवून दुसऱ्या हाताने चाक फिरवा. चांगलं बेअरिंग असेल तर स्प्रिंगवरच्या हाताला काहीही कळत नाही. खराब असेल तर बारीक खरखर थेट बोटांत येते. माझा सगळ्यात जास्त विश्वास या परीक्षेवर आहे. प्ले अजिबात नसतानाही बेअरिंगच्या आतल्या पट्टीला, म्हणजे गोळ्या जिच्यावरून धावतात तिला, खड्डे पडलेले असू शकतात, आणि ते स्प्रिंग सांगते.

तुमच्या गाडीत कोणता प्रकार आहे

पार्ट मागवायच्या आधी हे कळायलाच हवं, कारण तीन प्रकारांची कामं तीन वेगळी आहेत. हल्लीच्या बहुतेक गाड्यांत मागे हब आणि बेअरिंग मिळून एकच बंद युनिट असतं. ते मागून चार बोल्टने धरलेलं असतं किंवा स्टब अ‍ॅक्सलवर (चाकाच्या स्थिर दांड्यावर) सरकवून एका मोठ्या नटाने आवळलेलं. घरी करण्यासारखं काम हेच. दुसऱ्या प्रकारात बेअरिंग वेगळं मिळतं आणि ते नकलमध्ये (सस्पेन्शनच्या ज्या भागात हब बसतो त्यात) किंवा थेट ब्रेक ड्रममध्ये दाबून बसवावं लागतं. त्याला प्रेस लागतो. तिसरा जुना प्रकार म्हणजे आतलं आणि बाहेरचं अशी दोन टेपर रोलर बेअरिंग, मध्ये ग्रीस, वर टोपी आणि कॉटर पिन (नट फिरू न देणारी दुमडती पिन).

चेसिस नंबर देऊनच पार्ट घ्या. एकाच मॉडेलमध्ये ड्रमवाल्या आणि डिस्कवाल्या गाडीचे हब वेगळे असतात, एबीएस (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या-नसलेल्याचेही. नवीन हब हातात आल्यावर जुन्याशेजारी ठेवून बोल्टची भोकं, फ्लॅंजची (चाक टेकतं त्या तबकडीची) उंची आणि एबीएसच्या सेन्सरची जागा जुळते का ते बघा. बेअरिंग जोडीनेच बदलावं असा काही नियम नाही. ड्रममधले ब्रेक शू आणि डिस्कचे पॅड जोडीने बदलतात, बेअरिंग जे गेलं तेवढंच.

सामानात जॅक, दोन घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे स्टँड), चाकाला लावायचे ठोकळे, लांब दांड्याचा सॉकेट पाना, टॉर्क पाना (ठरावीक जोरानेच आवळायचा), तारेचा ब्रश, गंज सोडवणारं तेल, ब्रेक क्लीनर, जाड तार आणि मोठा हातोडा लागेल. टॉर्क पाना नसेल तर कोणाकडून तरी मागून आणा, पण त्याच्याशिवाय हे काम करू नका. कारण पुढे येईलच.

गाडी उचलताना

मागचं काम आणि पुढचं काम यातला मोठा फरक म्हणजे हँडब्रेक. तो मागच्या चाकांवर चालतो, आणि ड्रम किंवा डिस्क काढायची तर तो सोडावाच लागतो. म्हणजे गाडी धरून ठेवायला उरतात फक्त ठोकळे. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून ठोकळे लावा. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी असेल तर पहिल्या गिअरमध्येही ठेवा. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत मागचा भाग उचलल्यावर गिअरचा काही उपयोग नाही, तिथे सगळी भिस्त ठोकळ्यांवर. हँडब्रेक बटणाचा असेल तर आधी मॅन्युअलमध्ये दिल्याप्रमाणे सर्व्हिस मोडमध्ये न्या. तिथे कॅलिपरचा (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचा) पिस्टन मोटरने मागे जातो, त्याच्याशी मारामारी केली तर मोटर जाते.

मोठा नट असेल तर तो चाक जमिनीवर असतानाच ढिला करायचा. आधी ग्रीसची टोपी छिन्नीच्या कडेने सगळीकडून थोडी-थोडी उचकटून काढा. नटाची कड स्टब अ‍ॅक्सलच्या खाचेत ठोकून बसवलेली असेल तर बारीक पंचने ती आधी वर उचला. तशीच फिरवली तर आटे खाते. नट कोणत्या दिशेने उघडतो तेही बघा. काही जुन्या गाड्यांत एका बाजूला उलटे आटे असतात आणि लोक दांड्याला पाइप लावून तो आणखीच आवळत बसतात. नट फक्त पाऊण फेरा ढिला करा, चाकावर भार असताना त्याहून जास्त नको.

मग गाडी उचला, घोड्या लावा, गाडी घोड्यांवर टेकवा आणि एकदा ढकलून बघा. काढलेलं चाक दाराखालच्या कडेखाली आडवं सरकवून ठेवायची मला सवय आहे. त्याला काही खर्च येत नाही, आणि या कामात हातोडा चालवावा लागतो हे विसरू नका.

ब्रेक बाजूला करताना

डिस्क असेल तर कॅलिपर आणि त्याचं ब्रॅकेट काढा. कॅलिपर तारेने स्प्रिंगला टांगा, रबरी नळीवर लटकत सोडू नका. नळी बाहेरून धडधाकट दिसते, आत चिरते, आणि पुढे ब्रेक धरून ठेवायला लागते. डिस्क हबला चिकटून बसली असेल तर तिच्यात आट्यांची दोन भोकं असतात का बघा. त्यात बोल्ट आळीपाळीने आवळत गेलं की ती आपोआप सुटते. ड्रमलाही बहुधा तशीच भोकं असतात. ड्रम थोडा बाहेर येऊन अडत असेल तर शूचा अ‍ॅडजस्टर मागच्या भोकातून आत घ्या. जोर लावून ओढलात तर स्प्रिंगा उडतील. ब्रेकची धूळ हवेने उडवू नका, क्लीनर मारून ओली करून पुसा. ती फुप्फुसात जायची वस्तू नाही.

एबीएसची वायर हबमध्येच बसवलेली असेल तर तिचं कनेक्टर सोडवा. सेन्सर वेगळ्या बोल्टने बसवलेला असेल आणि गंजून धरलेला असेल, तर शक्यतो त्याला जागेवरून हलवू नका. प्लास्टिकचं डोकं हातात येतं आणि उरलेला भाग भोकात राहतो. तो काढण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात दुसऱ्या बाजूचाही हब बदलून होईल.

चार बोल्टचा हब, आणि गंज

मागच्या बाजूने चार बोल्ट दिसतील. आदल्या रात्री त्यांच्यावर तेल मारून ठेवलं असेल तर उत्तम, मात्र तेल ब्रेकच्या भागांवर उडू देऊ नका. सहा कोनांचा सॉकेट वापरा, बारा कोनांचा गंजलेल्या डोक्यावर घसरतो. बोल्ट अर्धा फेरा सुटून पुन्हा अडला तर उलटा थोडा आवळा, मग सोडा, तेल मारा, पुन्हा सोडा. पुढे-मागे करत नेला तर निघतो, एका दमात ओढला तर तुटतो.

बोल्ट निघाले म्हणजे हब हातात येईल अशी अपेक्षा असेल तर ती सोडा. हबचा गोल भाग नकलच्या भोकात बसतो आणि दोघांमध्ये वर्षानुवर्षांचा गंज फुगलेला असतो. बाहेरून फ्लॅंजवर हातोडा मारत सुटणारे मी खूप पाहिले आहेत. त्याने हब निघत नाही, त्याचे दोन तुकडे मात्र होतात. पुढचा फ्लॅंज बाहेर येतो आणि बेअरिंगचा बाहेरचा भाग आतच. मग काम दुप्पट.

माझी पद्धत अशी. बोल्ट हबच्या आट्यांत जात असतील तर चारही पूर्ण काढायचे नाहीत, सात-आठ आटे आत ठेवायचे. आता मागून बोल्टच्या डोक्यावर जुना सॉकेट आणि लांब एक्स्टेंशन टेकवायचं आणि एक्स्टेंशनच्या टोकावर हातोड्याचा एक दणका. मग समोरासमोरच्या बोल्टवर. एकाच बोल्टवर जोर काढलात तर हब तिरका होऊन आणखी अडकतो. पहिल्या काही दणक्यांत काहीच हलत नाही, आवाज घट्ट आणि बसका येतो. मग कधीतरी हबच्या कडेने तपकिरी भुकटीची बारीक रेघ गळते आणि त्याच बोल्टचा आवाज बदलून पोकळ होतो. ती भुकटी दिसली की समजा, सुटलं. तिथे पुन्हा तेल, आणि आळीपाळीने दणके चालू ठेवायचे. ज्या बोल्टवर हातोडा चालला ते पुन्हा वापरायचे नाहीत, म्हणून नवीन बोल्ट आधीच आणून ठेवा. हबला स्लाइड हॅमर (दांड्यावर सरकणारं वजन आपटून ओढणारं हत्यार) लावणं हा आणखी चांगला उपाय, मिळत असेल तर. गॅसचा जाळ मात्र टाळा. जवळच ब्रेकची नळी आणि सेन्सरची वायर असते.

ड्रमवाल्या गाडीत एक गोष्ट आधी कोणी सांगत नाही. हे चार बोल्ट अनेकदा शूची मागची प्लेटही धरून ठेवतात. हब निघाला की ती प्लेट, शू आणि सिलिंडरसकट, ब्रेकच्या लोखंडी पाइपवर लोंबायला लागते. हब बाहेर आल्या-आल्या तिला तारेने बांधा.

आता घासकाम. नकलचं भोक आणि हब टेकतो तो सपाट पृष्ठभाग तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने धातू दिसेपर्यंत साफ करा. गंजाची एक खपली राहिली तरी हब तिरका बसतो, डिस्क डुलते आणि महिन्याभरात ब्रेक थरथरायला लागतात. लोक मग डिस्कला दोष देतात. साफ झाल्यावर भोकाच्या आतल्या कडेला कॉपर ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा, म्हणजे पुढच्या वेळी ही झटापट नको. सेन्सरच्या तोंडाला ते लागू देऊ नका.

नवीन हब हाताने सरळ आत जायला हवा. बोल्टने ओढून घ्यायचा नाही. चारही बोल्ट आधी बोटांनी आवळा, मग समोरासमोर थोडे-थोडे, शेवटी टॉर्क पान्याने. छोट्या-मध्यम गाड्यांत हे बोल्ट साधारण ५० ते ११० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतात आणि मोठा नट १७० ते ३०० च्या. हे आकडे नुसता अंदाज यावा म्हणून दिले, आवळताना तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधलाच घ्या. काही ठिकाणी टॉर्कनंतर आणखी ठरावीक अंश फिरवायला सांगितलेलं असतं, ते बोल्ट ताणले जातात आणि एकदाच वापरायचे असतात.

नटाबद्दल आग्रह एवढ्यासाठी, की बऱ्याच बेअरिंगच्या आतल्या रेसचे (गोळ्यांच्या आतल्या बाजूच्या कड्याचे) दोन अर्धे भाग असतात आणि त्यांना एकत्र दाबून धरायचं काम हा नट करतो. ढिला राहिला तर दोन भाग फाकतात आणि नवं बेअरिंग थोड्याच दिवसांत गुरगुरायला लागतं. नट नेहमी नवा. इम्पॅक्ट गनने कधीच आवळू नका, त्या ठोक्यांमध्ये किती टॉर्क गेला ते कोणालाच कळत नाही. नट पूर्ण आवळेपर्यंत गाडीचा भार त्या चाकावर टाकायचा नाही आणि गाडी सरकवायचीही नाही. नट आवळताना हब फिरत असेल तर ब्रेक बसवून कोणाला तरी पेडल दाबायला सांगा.

दाबून बसवायचं बेअरिंग

इथे एकच नियम पाळा, बाकी सगळं त्यातून येतं: जोर गोळ्यांमधून जाऊ द्यायचा नाही. बेअरिंग नकलमध्ये दाबताना बाहेरच्या रेसवर दाबा. हब बेअरिंगमध्ये दाबताना आतल्या रेसला खालून आधार द्या. उलट केलंत तर सगळा दाब गोळ्यांवर येतो आणि पट्टीवर बारीक खळगे पडतात. बेअरिंग बसतं, फिरतं, छान दिसतं आणि पहिल्याच दिवशी गुणगुणतं.

जुना हब बाहेर काढला की आतली अर्धी रेस बहुतेक वेळा त्याच्या दांड्यावर चिकटून येते. पुलरची नखं धरत नसतील तर ग्राइंडरने रेसला तिरका काप द्या, जवळजवळ तळापर्यंत पण आरपार नाही. मग त्या कापात छिन्नी ठेवून एक ठोका. रेस कडक पोलादाची असते, टणकन तडकते आणि मोकळी होते. डोळ्यांना चष्मा हवाच. दांड्यावर काप उमटला असेल तर तो हब परत लावू नका.

एबीएसच्या गाडीत बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्ये चुंबकीय पट्टा असतो. दिसायला ते साधं काळं किंवा तपकिरी रबरच. ती बाजू सेन्सरकडेच हवी. लोखंडी टाचणी जवळ नेऊन बघा, ज्या बाजूला ओढली जाते ती. उलटं बसलं तर एबीएसचा दिवा लागतो, आणि काढताना बेअरिंग वाया जातं. त्या बाजूवर दाब देऊ नका, ती लोखंडाच्या भुकटीवर ठेवू नका आणि चुंबक असलेल्या ट्रेमध्ये तर नकोच.

बेअरिंग रात्रभर पिशवीत बांधून फ्रीझरमध्ये ठेवलं तर ८० मिलिमीटर व्यासाचं बेअरिंग ४० अंश थंड होताना साधारण ०.०३५ मिलिमीटर आकसतं. ऐकायला काहीच नाही, पण घट्ट फिटिंगमध्ये तेवढ्याने फरक पडतो. नकल अ‍ॅल्युमिनियमची असेल तर ती गरम हवेने थोडी तापवा. अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट पसरतं. शेवटी सर्क्लिप (बेअरिंग अडवून धरणारी स्प्रिंगची रिंग) खाचेत पूर्ण बसली का ते टोकाने दाबून बघा.

घरी प्रेस नसेल तर नकल काढून प्रेसवाल्याकडे न्या, पण वरचा नियम त्यालाही ऐकवा.

टेपर रोलर

इथे उलटी तऱ्हा, नट करकचून आवळला की बेअरिंग मेलं. जुने कप (बेअरिंगची बाहेरची कडी) पितळी पंचने बाहेर काढा, नवे चहूबाजूंनी थोडे-थोडे ठोकत बसवा. कप तळाला टेकला की ठोक्याचा आवाज बोथट असतो तो एकदम खणखणीत होतो, तिथे थांबायचं. रोलरच्या जाळीत रुंद बाजूने ग्रीस दाबत राहा, दुसऱ्या बाजूने रोलरांमधून ते बाहेर दिसेपर्यंत. वरून नुसतं लिंपलेलं ग्रीस कामाचं नाही.

बसवताना चाक फिरवत-फिरवत नट आवळा, म्हणजे रोलर जागेवर बसतात. मग नट सोडा आणि नुसत्या बोटांनी पुन्हा आणा. नटामागचा वॉशर स्क्रू-ड्रायव्हरने ढकलल्यावर थोडा सरकायला हवा. कॉटर पिनचं भोक जुळत नसेल तर नट सोडून जुळवा, आवळून नाही. पिन नवी.

जोडून झाल्यावर

डिस्क किंवा ड्रम लावण्याआधी हबचं तोंड पुसून घ्या. कॅलिपरचे बोल्ट टॉर्कने, चाकाचे नट आधी हाताने आणि गाडी खाली आल्यावर समोरासमोर टॉर्कने. गाडी हलवण्याआधी ब्रेकचं पेडल घट्ट होईपर्यंत दाबा. पिस्टन मागे गेलेला असेल तर पहिल्यांदा पेडल थेट खाली जातं, आणि हे भिंतीसमोर कळण्यापेक्षा उभ्या गाडीत कळलेलं बरं. शूचा अ‍ॅडजस्टर आत घेतला असेल तर तो पुन्हा जुळवा आणि हँडब्रेक किती टप्प्यांवर धरतो ते बघा.

नवीन हब हाताने फिरवताना जरा जड लागेल. घाबरू नका, नवी सीलं आणि ताजं ग्रीस तसंच वागतं. जुनं, गेलेलं बेअरिंगच भिंगरीसारखं गरगरतं आणि लोकांना वाटतं तेच चांगलं होतं.

थोडं चालवून या आणि चाकाजवळ हात नेऊन बघा. ब्रेक न वापरता एक बाजू दुसरीपेक्षा बरीच गरम वाटली तर ब्रेक घासतोय किंवा टेपरचा नट जास्त आवळलाय. एबीएसचा दिवा लागला तर आधी कनेक्टर पूर्ण बसलाय का ते बघा, बहुतेक वेळा तेवढंच असतं. ५० ते १०० किलोमीटर झाल्यावर चाकाचे नट पुन्हा टॉर्क पान्याने तपासा. आणि गुरगुर अजूनही असेल तर लगेच नव्या हबला शिव्या घालू नका, स्प्रिंगवर हात ठेवायची ती परीक्षा दुसऱ्या बाजूच्या चाकावर करा.